एक लाख वाती आणि एक कोश

शिरीषाच्या झाडावर अळ्या झाल्या. आता अळ्या झाडावर व्हायच्या नाहीत तर काय पाण्याच्या टाकीवर व्हायच्या? पण जुळे सोलापुरातल्या शिवगंगा अपार्टमेंटमध्ये कुठलीही गोष्ट जिथं व्हायची तिथं होऊन गप बसत नाही. तळमजल्यावरच्या सुंदरम्मांचा उजवा हात कोपरापर्यंत सुजला. त्याच दिवशी त्यांनी झाडाखाली गहू वाळत घातले होते, आणि त्या गव्हावरून दोन केसाळ अळ्या रमतगमत चाललेल्या तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गॅलरीतून बघितल्या होत्या. सोसायटीला एवढा पुरावा पुष्कळ झाला. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बसली आणि झाड पाडायचं ठरलं.

ठरलं म्हणजे ठरतच आलं होतं. चेअरमन चन्नवीरअप्पा "कुणाची हरकत हाय का?" असं विचारून, उत्तराची वाट न बघता खुर्चीतून उठायला लागले होते. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची पूनम बोलली. तिला बोलायचं नव्हतं. ती पोरीला कडेवर घेऊन स्कूटरच्या आडोशाला उभी होती, आणि एकाएकी तिलाच तिचा आवाज ऐकू आला.

"अप्पा, या अळ्या त्रास देणाऱ्या नसतीलही. अशा दोन जाती असतात. दिसायला अगदी सारख्या. एकीच्या केसांनी अंग सुजतं, दुसरीच्या केसांनी काही होत नाही."

"तुला गं काय माहीत?" सुंदरम्मांनी विचारलं. सुजलेला हात त्यांनी पुराव्यासारखा मांडीवर ठेवला होता.

"मी एम.एस्सी. आहे. प्राणिशास्त्रात."

हे वाक्य पूनम लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत बोलली. शिवगंगेत तिला सगळे शांभवीची आई म्हणून ओळखत, आणि शांभवी झोपलेली असली की इंद्रजीतची बायको म्हणून. हिनं आपण मागे कधीतरी लष्करात होतो असं सांगावं, तशा नजरेनं दोघी-तिघी तिच्याकडे बघायला लागल्या. तिचा एम.एस्सी.चा प्रबंध हिप्परग्याच्या तलावातल्या माशांवर होता, हे तिनं सांगितलं नाही. अळ्यांविषयीचं तिचं सगळं ज्ञान आदल्या दुपारचं होतं. शांभवी तिच्या दंडावर झोपली होती म्हणून हलता येत नव्हतं, तेव्हा मोबाईलवर तिनं एक लेख वाचला होता. तोही निम्माच, कारण पुढे चार्जिंग संपलं.

पण गप बसणंही तिला जमण्यासारखं नव्हतं. शांभवी दिवस भरायच्या आधीच जन्मली. कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती, आणि घरी आली ती न झोपण्याचा पण करूनच. सगळे उपाय करून झाले. मग एका संध्याकाळी गॅलरीत फेऱ्या मारताना पूनमला दिसलं की उजेड उतरला की शिरीषाची पानं जोडीजोडीनं मिटतात. ती पोरीला म्हणाली, "बघ, झाड झोपलं. आता तू." आणि पोर झोपली. तेव्हापासून आजवर, चार वर्षांची घोडी झाली तरी, शांभवी रात्री झाड झोपल्याशिवाय झोपत नव्हती. गॅलरीला टेकलेली ती फांदी उद्या नसली तर काय करायचं, याचं उत्तर कुठल्याच लेखात नव्हतं.

चन्नवीरअप्पा न्यायी माणूस. ते म्हणाले, "असं करू की. तू शिकलेली हाईस, तर ओळखून दाखव. श्रावणातला शेवटचा सोमवार होऊ दे. तवर अळी गरीब हाय असं पक्कं सांगितलंस तर झाड राहील. नाहीतर मंगळवारी जोतिराम मशीन घेऊन येईल. त्याला शब्द दिलेला हाय."

झालं. झाड आता पूनमच्या शब्दाला टांगलेलं होतं.

शब्द बाहेर पडल्यावर सल्ले आत यायला लागले. पहिला नवऱ्याचा. इंद्रजीत म्हणाला, "गूगलला फोटो टाक की." तिनं टाकला. गूगलनं आधी अळी, मग भांडी घासायचा ब्रश आणि शेवटी एका परदेशी कुत्र्याचं पिल्लू दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरून सल्ला आला की अळीला मीठ लावावं, चावरी असेल तर ती फणा काढते. सुंदरम्मांनी सल्ला दिला नाही, आपला हात दाखवला. येता-जाता जिन्यात, दूधवाल्यासमोर, कचऱ्याच्या गाडीमागे, जिथं भेट होईल तिथं त्या पदर बाजूला करून हात पुढे करत आणि म्हणत, "बघून घे. तू शिकलेली आहेस." सूज केव्हाच उतरली होती, पण हात दाखवायची सवय काही उतरली नव्हती.

पूनमच्या सासूबाई, सारजाबाई, माढ्याकडच्या. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही, कारण त्यांना वेळच नव्हता. नात पेटीत होती तेव्हा त्यांनी सिद्धेश्वराला लक्षवात बोलली होती. एक लाख फुलवाती, सगळ्या स्वतःच्या हातानं वळलेल्या. चार वर्षं हे काम चाललं होतं. टीव्हीसमोर, गॅसपुढं, गावाला जाताना एस.टी.तसुद्धा त्यांची बोटं कापूस वळत असायची. ह्याच श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी त्या वाती देवळात लावायच्या होत्या. एवढंच बोलल्या, "आळी आसू दे, न्हायतर कायबी आसू दे. माज्या कापसाजवळ आणू नगंस म्हंजे झालं."

शेवटी पूनमनं आपल्या कॉलेजातल्या सरांना फोन लावला. सर निवृत्त झाले होते आणि त्यांना ती माशांमुळे आठवली. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "अळीवरून कुणीच सांगू शकणार नाही. मीही नाही. ती पाळ. कोश करील, कोशातून पतंग निघेल. मग बघू."

"पतंगावरून नक्की कळेल ना सर?"

"बघू," सर पुन्हा म्हणाले. असा 'बघू' म्हणणारा शास्त्रज्ञ नेहमीच प्रामाणिक असतो, पण सोसायटीच्या मीटिंगला तो काडीइतका उपयोगाचा नसतो.

तरी एखाद्या सरकारी माणसाचं तोंडी मत मिळालं तर अप्पांना पटेल, असा पूनमनं विचार केला. शांभवीला बालवाडीत सोडायचं आणि आणायचं, ह्या मधल्या चोरलेल्या वेळात ती स्टीलच्या डब्यात अळी घेऊन हिंडायला लागली. महापालिकेच्या उद्यान विभागातल्या साहेबांनी डबा उघडून बघितला, झाकला, आणि म्हणाले, "झाड आमच्याकडे. अळी कृषीकडे." कृषीच्या ऑफिसात साहेब फार सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारलं, "कुठल्या पिकावर पडली?"

"शिरीषावर."

"शिरीष हे पीक नाही हो ताई. हीच तुम्ही डाळिंबावर आणा, आत्ता सांगतो."

"पण ती डाळिंबावर नाहीये."

"तोच तर प्रॉब्लेम आहे."

त्यांनी वन विभागाचा रस्ता दाखवला. वन विभागात टेबलाशी बसलेल्या माणसानं डब्याकडे न बघताच विचारलं, "जंगलात सापडली?"

"सोसायटीत."

"मग ती आमच्या हद्दीतली नाही."

"तिला हद्द कळत नाही ना," पूनम म्हणाली. हे तिला मागाहून फार आवडलं, पण त्या वेळी तिचा आवाज चिरकला होता आणि बालवाडी सुटायची वेळ टळून गेली होती. ती पोचली तेव्हा फाटकाशी शांभवी एकटीच पाटी छातीशी धरून उभी होती. बाई शेजारीच होत्या, पोरगी रडलीही नव्हती. फक्त म्हणाली, "आई, तू अळीला फिरवत होतीस?" पूनमला कुठं तोंड लपवावं कळेना.

त्या दिवसापासून ऑफिसं बंद. अळ्या पाळायच्या ठरल्या. वन विभागातल्या त्या माणसाच्या बोलण्यातून तिनं एक मात्र उचललं: जंगलातली अळी आणून शेजारी ठेवावी, दोन्हींत फरक दिसला तर दिसला. विजापूर रोडच्या वनविहारात शिरीषं आहेत. रविवारी इंद्रजीतला घेऊन ती तिकडे गेली. इंद्रजीतनं आयुष्यात पहिल्यांदा हातमोजे घातले, चेहऱ्याला टॉवेल गुंडाळला, आणि सकाळी फिरायला आलेल्या लोकांनी दुरून वळून वळून बघितलं तरी मान वर न करता पानामागच्या अळ्या चिमट्यानं गोळा केल्या. घरी दोन डबे झाले. एकात सोसायटीच्या, दुसऱ्यात वनविहाराच्या. तोंडाला जुन्या मच्छरदाणीचे तुकडे, आत ताजी पानं. दोन्ही डब्यांतल्या अळ्या भुऱ्या, दोन्हींच्या पाठीवर पिवळट रेघ, दोन्हींच्या मानेशी काळा झुपका. पूनम भिंगातून बघायची, डोळे चोळायची, पुन्हा बघायची. एकदा तिला वाटलं की वनविहाराच्या अळ्यांची रेघ जरा जास्त पिवळी आहे. मग खिडकीवरचा ढग सरकला आणि दोन्ही रेघा सारख्या झाल्या.

हा फरक सापडायची वेळ पुढे आलीच नाही. दुसऱ्या दिवशी ती अंघोळ करून बाहेर आली तेव्हा शांभवीनं सगळ्या अळ्या एकाच डब्यात घातल्या होत्या.

"हातानं?" पूनमनं विचारलं.

"चमच्यानं," शांभवी म्हणाली. "त्या एकट्या एकट्या होत्या."

पूनमनं तिचे तळवे उघडून बघितले, पोटाशी धरलं, आणि मग रागवायचं राहूनच गेलं. मानलं तर पोरीचं बरोबरच होतं. आता कुठली अळी कुठली हे देवालाही सांगता आलं नसतं. शास्त्राच्या दृष्टीनं प्रयोग तिथंच संपला, पण शास्त्राला शिवगंगेत मत नव्हतं. अप्पा रोज खालून विचारत, "काय म्हणती अळी?" आणि पूनम रोज वरून सांगे, "खाती आहे."

पुढे त्याही कमी कमी होत गेल्या. पाली काय, मुंग्या काय, सगळ्यांना त्या डब्याचा पत्ता कळला होता. एकदा सारजाबाईंनी दयेपोटी शिळी पानं धुऊन घातली आणि त्या ओलीनं बऱ्याच अळ्या गेल्या. "मला काय ठावं? आपन भाजी धुतोय की न्हाय?" त्या म्हणाल्या आणि कापूस घेऊन बसल्या. शेवटी डब्यात एकच अळी उरली. पूनमनं तो डबा देवघराच्या वरच्या फळीवर ठेवला, सगळ्यांच्या हाताबाहेर. शांभवी संध्याकाळी गॅलरीतून झाडाला सांगायची, "तुझी एक आमच्याकडे आहे. ती बरी आहे."

आणि शेवटच्या सोमवारी ती अळी डब्यात नव्हती.

पूनमला हे दिसलं ते तिसऱ्या प्रहरी. सारजाबाई सकाळपासून उपाशी, नवं लुगडं नेसून, सुंदरम्मांना सोबत घेऊन रिक्षानं देवळाकडे निघून गेल्या होत्या. अळ्यांवरून भांडण असलं तरी वातींना सोबत लागते, आणि तुपाची किटली धरायला सुंदरम्मांइतका खंबीर हात त्या इमारतीत दुसरा नव्हता. शांभवी आवरून बसली होती. दोघींनी मागून स्कूटीवर जायचं होतं. निघता निघता पूनमनं डब्यात ताजं पान घालायला हात वर केला, तर मच्छरदाणीच्या तुकड्याला कडेला भोक. आत नुसत्या शिरा उरलेली पानं.

तिनं स्टूल घेतलं. फळीवर काळ्या बारीक लेंड्यांची रांग होती. अळी पोटभर खाऊन, कोश करायला सुरक्षित जागा शोधत निघाली की मागे ठेवते तशी. रांग फळीच्या कडेला गेली होती. भिंतीवरून उतरली होती. देवघराच्या कोपऱ्यात, जिथं मघापर्यंत वातींची मोठी टोपली होती, तिथं येऊन संपली होती.

टोपलीच्या जागी फरशीवर एक स्वच्छ गोल उरला होता.

पूनम त्या गोलाकडे बघत उभी राहिली. मऊ, पांढऱ्या, उबदार कापसात ती अळी शिरली होती. अंगाभोवती कापूस ओढून, त्यात आपले केस आणि धागा विणून तिनं कोश केला असणार. असा कोश दिसतो कसा? फुलवातीसारखा. एक लाख फुलवाती आणि त्यांत एक कोश, आणि त्या सगळ्यांवर थोड्या वेळात तूप ओतून काडी लावणार. पुरावा जाणार, झाड जाणार. आणि चार वर्षं जिच्या जिवासाठी वाती वळल्या तीच पोर शेजारी बूट घालत विचारत होती, "आई, ती कुठं गेली?"

"आजीकडं," पूनम म्हणाली. दुसरं काय सांगणार?

सारजाबाईंचा मोबाईल देवघरातच वाजला. सुंदरम्मा फोन उचलतच नसत, त्यांना तो दाखवायचा असे. पूनमनं शांभवीला पुढे उभं केलं आणि स्कूटी काढली. सात रस्त्याला सिग्नल लाल, पुढे कडब्याची ट्रॉली आडवी, आणि देवळाकडच्या रस्त्यावर श्रावणी सोमवारची सगळी सोलापूर नगरी. तिनं आयुष्यात कधी वाजवला नव्हता एवढा हॉर्न त्या दिवशी वाजवला. एका म्हातारबांनी "देवाला जातीयास का भांडायला?" असं विचारलं तेव्हा ती खरोखर विचारात पडली. तळ्याकाठी गाडी टाकली, पोरीला कडेवर घेतलं आणि गर्दीतून "सोडा, सोडा हो" करत आत घुसली.

मंडपाच्या कडेला मोठ्या परातीत वातींची रास होती, पांढरीशुभ्र, शिखर काढलेली. सारजाबाई हात जोडून बसल्या होत्या. मागे लक्षवात लावायला आणखी बायका रांगेत. सुंदरम्मांनी उजव्या हातानं किटली उचलली होती, आणि तुपाची धार तोटीच्या तोंडाशी आली होती.

"थांबा. ओतू नका."

धार थांबली. सारजाबाईंनी डोळे उघडले. "का गं? घरी गॅस चालू ऱ्हायला व्हय?"

"आत्या, वातींत अळी आहे. कोश केलाय तिनं. ह्यातच आहे कुठंतरी."

"माज्या कापसाजवळ आणू नगं म्हनले हुते मी," सारजाबाई सावकाश म्हणाल्या. "एवढंच म्हनले हुते."

"हो. चुकलं माझं."

रांगेतली एक बाई म्हणाली, "एका किड्यासाठी खोळंबा कशाला? आमालाबी घरी जायचंय." दुसरी म्हणाली, श्रावणात जीव जाळणं बरं नाही. गुरवानं घाई करायला सांगितलं. सुंदरम्मा ना तूप ओतत होत्या, ना किटली खाली ठेवत होत्या; अळी मरावी हीच तर त्यांची मागणी होती.

"जिती हाय का?" सारजाबाईंनी विचारलं.

"असेल. हो. जिवंत आहे."

सारजाबाईंनी नातीकडे बघितलं. शांभवी परातीपाशी उकिडवी बसून वातींना हळू आवाजात काहीतरी विचारत होती. मग त्यांनी लुगड्याचा घोळ सावरला, मांडी घातली आणि तांदूळ निवडायला सांगावं तसं रांगेतल्या बायकांना म्हणाल्या, "बसा खाली. निवडू लागा."

आणि बायका बसल्या. कुणी पदर पसरला, कुणी ताट काढलं. परातीतून मूठ घ्यायची, एकेक वात बोटानं चाचपायची, पदरात टाकायची. जिचा खोळंबा होत होता तीच सगळ्यांत भरभर निवडत होती. "ही बघा जरा." "न्हाय गं, ती वातच हाय, गाठ बसलीया." "माज्या हाताची गाठ न्हाय बसत," सारजाबाई. उदबत्ती घेऊन आलेल्या एकीला सगळ्यांनी मिळून मंडपाबाहेर हाकललं. तळ्यावरून वारा सुटला तशा वाती उडायला लागल्या आणि पूनम पाठ करून वाऱ्याच्या आड बसली. रास उतरत चालली. कोश कुठंच नव्हता. रास परातीच्या तळाशी आली. कदाचित अळी टोपलीत शिरलीच नसेल. कदाचित पालीनं केव्हाच नेली असेल आणि आपण सासूच्या नवसाची माती केली.

"ही वात हलती," सुंदरम्मा म्हणाल्या.

त्यांच्या उजव्या तळव्यावर एक जाडसर, भुरकट वात होती. तिच्यात काहीतरी एकदा वळलं आणि थांबलं.

"तीच," पूनम म्हणाली. आणि मग पुढचं जे घडलं ते तिला अडवता आलं नाही. सोलापूरच्या बाया, श्रावणी सोमवार, सिद्धेश्वराचं देऊळ, आणि लाख वातींतून निघालेला जिवंत जीव. पहिलीनं तो सुंदरम्मांच्या हातातून घेतला आणि कपाळाला लावला. दुसरीनं डोळ्यांना लावला. तिसरीनं लेकराच्या टाळूला. "हात नका लावू," पूनम सांगत होती, "त्याचे केस कोशात विणलेले असतात, चावरी जात असली तर..." पण प्रसाद फिरायला लागला की इकडे कुणी ऐकत नाही. हातोहात फिरत कोश शांभवीपाशी आला. तिनं तो गालाशी धरला, डोळे मिटले आणि जरा वेळ तशीच बसून राहिली.

पूनमनं तो गालावरून काढून घेतला आणि रुमालानं पोरीचा गाल पुसला.

सारजाबाईंनी लाखाला एक कमी पडायला नको म्हणून तिथल्या तिथं एक वात वळून भर घातली. तूप ओतलं. लाख वाती एकदम पेटल्या आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. पूनमनं ज्योतीकडे बघितलंच नाही. ती त्या उजेडात कपाळं तपासत होती.

परतताना तिच्या हातात स्कूटीचं हँडल होतं, शांभवीच्या हाती कोश द्यायची तिची तयारी नव्हती, आणि सारजाबाई उपासानं गळून गेल्या होत्या. म्हणून कोश सुंदरम्मांकडे गेला. रिक्षात बसल्यापासून शिवगंगेच्या फाटकापर्यंत त्यांनी तो उजव्या मुठीत, पाखरू धरावं तसा धरला होता. वर आणून त्यांनी तो डब्यात ठेवला. हात मात्र दाखवला नाही.

त्या संध्याकाळी झाड झोपलं, शांभवी झोपली. पूनमला मात्र पोरीच्या गालाकडे बघत बसण्याशिवाय काही सुचलं नाही.

मंगळवारी सकाळी जोतिराम आला. त्यानं खोडाला दोर बांधला, करवतीच्या मशीनमध्ये तेल घातलं आणि वर बघून कुठली फांदी आधी घ्यायची याचा अंदाज घ्यायला लागला. चन्नवीरअप्पा खुर्ची टाकून बसले होते. पूनम शांभवीला घेऊन खाली आली. गाल स्वच्छ होता. तिनं उजेडात, पुसून, पुन्हा उजेडात बघितला होता. पण तेवढ्यावर काय बोलणार?

"तर काय ठरलं? अळी गरीब का चावरी?" अप्पांनी विचारलं.

"अप्पा, पतंग अजून निघाला नाही, त्यामुळं मला..."

"म्हंजे सांगता येत न्हाय." अप्पांना खरंच वाईट वाटलं. त्यांनी जोतिरामकडे मान वळवली.

"थांब रे." सुंदरम्मा दारातून बाहेर आल्या. त्या तडक अप्पांसमोर गेल्या आणि पदर बाजूला करून उजवा हात पुढे केला. सवयीनं अप्पांनी तो बघितला. "काही न्हाय की ह्याच्यावर," ते म्हणाले.

"तेच सांगते. काल सगळा वेळ ती अळी ह्या मुठीत होती. मी वाट बघितली. म्हटलं, आता खाजवेल, मग हिला वर जाऊन चांगली सुनावीन. तोंडात सगळं तयार होतं माझ्या." त्यांनी पूनमकडे रागानं बघितलं. "आलीच नाही खाज. देवळात सगळ्या बायकांनी कपाळाला लावली, एकीनंही कपाळ खाजवलं नाही."

"मग तवा तुमचा हात कशानं सुजला?"

"ते मला विचारता? चेअरमन कोण आहे?"

अप्पांनी पुन्हा तिच्या हाताकडे बघितलं. जोतिराम म्हणाला, "ठरवा की लवकर. मला कुंभारीला जायचंय." आणि पूनमच्यातल्या एम.एस्सी.नं नको त्या वेळी डोकं वर काढलं.

"अप्पा, एक सांगायला पाहिजे. एका कोशावरून सगळ्या झाडाचं नक्की म्हणता येत नाही. आणि हा कोश आपल्याच झाडाच्या अळीचा, का वनविहारातल्या..."

"ए बाई," सुंदरम्मा म्हणाल्या, "तू गप बस. मी तुझ्या बाजूनं बोलायलीय."

जिन्यातून खाली आलेल्या बायकांत कुणीतरी हसलं. अप्पांनी हात वर केला. "हे बघ पूनम. तुला नक्की माहीत न्हाय, मला तर काहीच माहीत न्हाय, आणि सुंदरम्मांचा हात बरा हाय. पुढच्या श्रावणात बघू." त्यांनी ते 'बघू' अगदी सरांसारखंच म्हटलं. जोतिरामनं दोर सोडला, गुंडाळला आणि कुणाकडे न बघता गाडीला लाथ मारली. शांभवी खोडाला पाठ लावून उभी राहिली, जणू ते सगळं तिनंच घडवून आणलं होतं.

घरी परतताना जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी पूनमला थांबवलं. पूनमचा चेहरा जरा खुलला. "तू एम.एस्सी. ना? मग सिंकखालच्या झुरळांना काय घालायचं सांग की."

दुपारी घर शांत झालं. सारजाबाईंची बोटं चार वर्षांनी पहिल्यांदा मोकळी होती, आणि झोपेतही कापूस वळत होती. शांभवी गॅलरीच्या सावलीत डब्याला टेकून झोपली होती. पूनम भांडी विसळायला ओट्याशी गेली, आणि हात ओला करताना तिला मनगट चुरचुरल्यासारखं वाटलं. तिनं बांगड्या वर सरकवल्या. आतल्या बाजूला एक लाल गांधी उठली होती. लहानशी. नीट बघितलं तर तिच्या शेजारी आणखी एक असावी, किंवा नसावी.

तिनं मनगट खिडकीपाशी नेलं. फिरवून बघितलं. खाली सुंदरम्मा झाडाखाली गहू पसरत होत्या आणि कुणालातरी मोठ्यांदा सांगत होत्या की ही गरीब जात आहे, हिला घाबरायचं नसतं.

सोलापुरात डास काय कमी आहेत, पूनम मनाशी म्हणाली. मग तिनं गांधीवर खोबरेल तेल लावलं, बांगड्या पुन्हा खाली ओढल्या, आणि त्या दिवसापासून एकेक बांगडी जास्तच घालायला लागली.